क्रूझवरून नवा विषाणू आला तर? बेटावरच्या माणसाने कोणता अर्ज कुठे करायचा

मुरगाव बंदरात क्रूझ लागली की तिच्यातल्या पर्यटकांच्या बसगाड्या जुन्या गोव्याच्या चर्चकडे वळतात. तिथून आमच्या दिवाडी बेटाच्या फेरीचा धक्का चालत दहा मिनिटांवर. त्यामुळे परदेशात कुठल्या जहाजावर नवा विषाणू सापडल्याची बातमी टीव्हीवर आली, की दुसऱ्या दिवशी फेरीबोटीत दुचाक्यांच्या गर्दीत उभ्या माणसांना दुसरा विषय नसतो. नदीपलीकडचे जुने गोवे रोगराईने कसे ओस पडले, हे इथे कुणाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

"पंचायतीने ठराव घ्यावा, जहाजे बंद करा," ही मागणी मग हमखास होते. ठराव जरूर घ्या, पण त्याने जहाज थांबणार नाही. मुरगाव हे केंद्राच्या अखत्यारीतले बंदर आहे. शिवाय आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम, 2005 प्रमाणे केवळ रोगाच्या भीतीने जहाजाला बंदर नाकारता येत नाही. तपासणी, विलगीकरण, निर्जंतुकीकरण अशा अटी मात्र घालता येतात. तेव्हा मागायचे ते जहाजाचे कागद.

हे कागद कोणते? जहाज आत येण्याआधी त्याचा एजंट बंदर आरोग्य अधिकाऱ्याकडे 'फ्री प्रॅटिक', म्हणजे माणसे-माल उतरवण्याची आरोग्य परवानगी मागतो. हा अधिकारी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचा, राज्याच्या आरोग्य खात्याचा नव्हे. निम्मे अर्ज इथेच चुकीच्या दारात जातात. परवानगीसाठी मुख्य कागद म्हणजे कप्तानाचे सागरी आरोग्य घोषणापत्र. प्रवासात अपघाताशिवाय कुणी दगावले का, संसर्गजन्य वाटणारा आजार आहे का, आजाऱ्यांची संख्या नेहमीपेक्षा जास्त आहे का, असे नऊ प्रश्न त्यात असतात. मागची बंदरेही लिहावी लागतात. खाली कप्तानाची सही, आणि जहाजावर डॉक्टर असला तर त्याचीही. सोबत जहाज स्वच्छता प्रमाणपत्र लागते. ते सहा महिने चालते, फार तर एक महिना वाढवून मिळते.

परवानगी मागणारे जहाज पिवळा बावटा लावते. धक्क्यावर तो दिसला की "आजार आलाय" अशी आवई उठते. खरे तर त्याचा अर्थ उलटा: माझे जहाज निरोगी आहे, मला परवानगी द्या.

पण घोषणापत्र म्हणजे शेवटी कप्तानाचा शब्द, आणि लक्षणे दिसायच्या आत माणूस तीन बंदरे फिरून येतो. 2020 मध्ये योकोहामाला अडकलेल्या 'डायमंड प्रिन्सेस'वर 3,711 जण होते, त्यातले 712 बाधित निघाले. आपल्याकडे जानेवारी 2022 मध्ये मुंबईहून मुरगावला आलेल्या क्रूझवर सुमारे 2,000 जणांत 66 कोविडबाधित सापडले, आणि चाचण्यांचे निकाल येईपर्यंत कुणाला उतरू दिले नाही. ते जहाज परदेशातून आलेले नव्हते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता आपला अर्ज. माहिती अधिकार कायदा, 2005 खाली कुणीही भारतीय नागरिक तो करू शकतो. बेटावर राहत असल्याचा दाखला लागत नाही, कारण सांगावे लागत नाही. नाव, पत्ता आणि प्रश्न पुरेत. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, फक्त प्रमाणपत्राची प्रत जोडायची. केंद्रीय कार्यालयासाठी केंद्राच्या आरटीआय पोर्टलवरून अर्ज करता येतो, किंवा पोस्टल ऑर्डर जोडून टपालाने. मजकूर शक्यतो 500 शब्दांत ठेवा. भाषेचे म्हणाल तर कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असे आहे. गोव्यात मराठी-कोकणीचा वाद इथे उकरून काढण्यात अर्थ नाही. मराठी अर्जाला इंग्रजी प्रत जोडली की काम लवकर होते.

प्रश्न नेमके विचारा. माझा पहिला अर्ज "क्रूझमुळे आमच्या आरोग्यास असलेल्या धोक्याबाबत माहिती द्यावी" असा होता. उत्तर आले, एका ओळीचे: अशी माहिती उपलब्ध नाही. चूक माझीच, कारण धोका फायलीत नसतो, कागद असतात. म्हणून लिहावे: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आलेल्या क्रूझ जहाजांच्या सागरी आरोग्य घोषणापत्रांच्या प्रती, आजारी नोंदलेल्यांची संख्या, अटी घालून परवानगी दिलेली जहाजे, आणि संसर्ग आढळल्यास काय करायचे त्याच्या आराखड्याची प्रत. रुग्णांची नावे मागू नका, ती मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत.

उत्तराची मुदत 30 दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, त्यामुळे "आमचा विषय नाही" म्हणून परत करू देऊ नका. प्रतींना पानामागे 2 रुपये. फायली प्रत्यक्ष पाहायच्या असतील तर पहिला तास फुकट. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर 30 दिवसांत पहिले अपील, त्यानंतर 90 दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे. जीविताच्या प्रश्नावर 48 तासांत उत्तराची तरतूद आहे, पण निव्वळ काळजीसाठी ती वापरली की अर्जाचे वजनच जाते.

ग्रामसभा वेगळ्या कामासाठी. तिथे बोलण्याचा हक्क पंचायतीच्या मतदार यादीत नाव असलेल्याला, म्हणून मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. विषय आधीच सचिवाकडे लेखी द्या आणि पोच घ्या. जहाजबंदीऐवजी पंचायतीला पाठपुरावा करता येईल असे मागा: संशयित रुग्णाला रात्री फेरीने पलीकडे कसे न्यायचे, तेव्हा फेरीत इतर प्रवासी घ्यायचे की नाही, आरोग्य केंद्रातून बेटासाठी कुणाला फोन करायचा.

आणि एक गोष्ट आपण फेरीत कुजबुजतो, सभेत बोलत नाही. आपल्या प्रत्येक वाड्यावर एखादा तरी तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, असतो. क्रूझवरून सुट्टीला घरी येतो तो आपलाच मुलगा, पर्यटक बसमधूनच परत जातात. त्याने पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीचे पिवळे कार्ड पासपोर्टसोबत ठेवावे. ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते आणि आता आयुष्यभर चालते. पीतज्वर असलेल्या देशातून कार्डाशिवाय आल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आल्यावर ताप आला, तर डॉक्टरला पहिले वाक्य "मी जहाजावरून आलोय" हेच सांगायचे, ताप कधीपासून ते नंतर.