चक्रीय वस्त्रनिर्मिती आणि फॅशन डिझायनर

कपडा दीर्घकाळ वापरात राहावा, दुरुस्त करता यावा आणि अखेरीस त्याच्या तंतूंपासून पुन्हा कापड व्हावे, अशा रीतीने आखलेल्या उत्पादनाला चक्रीय वस्त्रनिर्मिती म्हणतात. चक्रीय अर्थव्यवस्थेसाठी काम करणाऱ्या एलेन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेच्या २०१७ च्या अहवालानुसार कपड्यांसाठी लागणाऱ्या मालापैकी १ टक्क्याहूनही कमी माल पुन्हा कपड्याच्या रूपात परत येत होता. जुने कपडे गोळा करण्याची व्यवस्था अपुरी आहेच. पण पुष्कळ कपडे मुळातच सुटे करता न येण्याजोगे बेतलेले असतात, आणि तेथे डिझायनरची जबाबदारी सुरू होते.

नाशिक जिल्ह्यात या प्रश्नाची दोन टोके दिसतात. मालेगावच्या यंत्रमागांवर विणल्या जाणाऱ्या पॉलिएस्टर-सुती मिश्र कापडातील दोन तंतू पिंजून वेगळे होत नाहीत. त्यासाठी रासायनिक प्रक्रिया लागते. निव्वळ सुती कापड पिंजता येते, मात्र तंतू आखूड झाल्याने सूत काढताना बहुधा नवा कापूस मिसळावा लागतो. त्यातही शिवणीचा दोरा पॉलिएस्टरचा आणि कमरेत इलॅस्टिक असेल, तर अडचण पुन्हा तीच. त्यामुळे डिझायनरला रेखाटनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तंतूंचे ज्ञान लागते.

येवल्याची पैठणी दुसऱ्या टोकाला आहे. तिचे रेशीम विरले, तरी काठ-पदर काढून नव्या कापडावर लावता येतात. शिवाय साडी बेतावी लागत नसल्याने कात्रणही पडत नाही. शिवलेल्या कपड्यांत बेतताना वाया जाणारे कापड सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांच्या आसपास धरले जाते. ते वाचवायचे, तर डिझायनरने चित्र काढून द्यावे आणि कटिंग मास्टरने बेतावे, ही विभागणी चालत नाही. कापडाचा पन्हा पाहूनच कपड्याचा आकार ठरवावा लागतो. वाढत्या मुलांच्या कपड्यांत जुने शिंपी शिवणीत जी ‘माया’, म्हणजे पुढे उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून सोडलेले जादा कापड, ठेवत, तीही याच कौशल्यात मोडते, जरी घाऊक उत्पादनात ती कापडाची उधळपट्टी ठरली.

वापरून झालेले कपडे परत घेण्याची आखणी हे तुलनेने नवे काम आहे, तरी भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे नेणारी बोहारीण मराठी घरांना अपरिचित नाही. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमावलीत उत्पादनांसाठी डिजिटल पासपोर्टची, म्हणजे उत्पादनाच्या माहितीच्या इलेक्ट्रॉनिक नोंदीची, तरतूद असल्याने, निर्यातीच्या कपड्यातील तंतू व रसायनांची नोंद ठेवणे हेही डिझायनरच्या कामात येऊ लागले आहे.