वहीतली विक्री आणि बाजारातली मागणी

एखादा माल पुढच्या ठरावीक काळात, ठरावीक बाजारपेठेत आणि ठरावीक किमतीला किती मागितला जाईल याचे पुराव्यावर आधारलेले अनुमान म्हणजे मागणीचा अंदाज. व्यवस्थापनाच्या वर्गात हा विषय बहुधा वर्षभर एकसारख्या गतीने खपणाऱ्या मालाच्या उदाहरणांनी शिकवला जातो. त्यामुळे विद्यार्थ्यांचा असा समज होतो की मागच्या काही वर्षांचे आकडे सूत्रात घातले की पुढचा आकडा आपोआप हाती येतो. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या विद्यार्थ्याने मात्र आपल्या अवतीभवतीच्या मालाकडे, म्हणजे हापूस, काजूगर, कोकमाचे आगळ, आंबापोळी, फणसपोळी आणि सुकी मासळी यांच्याकडे पाहावे. यातला बहुतेक माल काही आठवड्यांत तयार होतो, त्यातला बराचसा टिकत नाही, आणि त्याचा ग्राहक सुट्टी, सण किंवा जत्रेच्या निमित्ताने येतो. अशा बाजारात अंदाजाची खरी अडचण सूत्रात नसून सूत्रात जाणाऱ्या आकड्यात असते, आणि अंदाजाचा अभ्यास तिथूनच सुरू व्हायला हवा असे मला ठामपणे वाटते.

दुकानाच्या वहीत नोंदली जाते ती विक्री. मागणी ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. समजा, मालवणातल्या एका दुकानदाराने 1 मे रोजी आगळाच्या 300 बाटल्या भरल्या आणि 20 मेच्या संध्याकाळी त्या संपल्या. महिन्याच्या शेवटी वहीत 300 हाच आकडा राहतो. पुढच्या वर्षी तो दुकानदार, किंवा त्याचे हिशेब पाहणारा संगणक, ‘मे महिन्याची मागणी 300’ असे धरून पुन्हा तेवढ्याच बाटल्या मागवतो, त्या पुन्हा संपतात, आणि अंदाज अगदी अचूक ठरल्याचे समाधान मिळते. 21 ते 31 मे या काळात जे ग्राहक ‘आगळ आहे का’ असे विचारून रिकाम्या हाताने परत गेले, त्यांची नोंद कुठेच झालेली नसते. संख्याशास्त्रात अशा आकड्यांचा स्वतंत्र अभ्यास होतो, कारण 300 हा इथे मागणीचा आकडा नसून मागणी किमान एवढी होती एवढेच सांगणारी खालची मर्यादा आहे. वीस दिवसांत 300 म्हणजे दिवसाला 15 बाटल्या, म्हणून उरलेल्या अकरा दिवसांत आणखी 165 खपल्या असत्या, असा सरळ गुणाकारही पुरेसा नाही. पाऊस जवळ येतो तसे पर्यटक कमी होतात आणि महिनाअखेरची गती मंदावते. ज्या वर्षी माल अखेरपर्यंत पुरला होता, त्या वर्षी पहिल्या वीस दिवसांत महिन्याच्या एकूण विक्रीचा किती हिस्सा खपला होता हे काढून त्या प्रमाणात दुरुस्ती करणे अधिक योग्य ठरते. त्यासाठी वहीत एकच नोंद जास्तीची हवी, ती म्हणजे माल कोणत्या दिवशी संपला.

मासळीच्या बाजारात हीच चूक अधिक ठळकपणे दिसते. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. या दोन महिन्यांत ताज्या मासळीची विक्री घटते ती मुख्यतः पुरवठा आटल्यामुळे. मागणीचा एक भाग दुसऱ्या मालाकडे आणि दुसऱ्या महिन्याकडे वळलेला असतो. एप्रिल-मेमध्ये आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या, खरेदीत सुके बांगडे, सोडे, जवळा आणि बोंबील घराघरांत भरले जातात ते त्यामुळेच. पुढे श्रावणात मात्र अनेक घरांत मासे वर्ज्य असतात, आणि तेव्हाची घट ही मागणीचीच घट असते. आलेखावर दोन्ही उतार सारखेच दिसतात, पण पहिल्या उतारावर गोठवलेल्या किंवा सुक्या मासळीचा व्यवसाय उभा राहू शकतो आणि दुसऱ्यावर राहू शकत नाही.

पुरवठ्याच्या साखळीत ग्राहकापासून जितके दूर जावे तितका आकडा अधिक फसवा होतो. मुंबईतल्या दुकानात आगळाची विक्री थोडी वाढली की दुकानदार पुढची टंचाई टाळण्यासाठी थोडे जास्त मागवतो, घाऊक व्यापारी त्यावर आणखी थोडे चढवतो, आणि कुडाळच्या उत्पादकापर्यंत पोहोचते ती मागणी दुप्पट झाल्याची बातमी. पुढच्या महिन्यात सगळ्यांकडे साठा पडून असल्याने मागणी एकाएकी थांबते. अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला लहान मुलांच्या डायपरच्या बाबतीत हाच अनुभव आला होता. मुलांचा वापर जवळजवळ स्थिर असूनही कारखान्याकडे येणाऱ्या ऑर्डरी मोठे हेलकावे खात होत्या. या परिणामाचे गणिती विश्लेषण हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये मांडले. त्यातून निघणारा उपाय साधा आहे. उत्पादकाने आपल्याकडे आलेल्या ऑर्डरींवरून अंदाज बांधण्याऐवजी शेवटच्या दुकानातली रोजची विक्री मागवून घ्यावी.

आता हंगामाकडे वळू. कालानुसार नोंदलेल्या विक्रीतून दीर्घकालीन कल, हंगामी चढउतार आणि निव्वळ योगायोगाचा भाग वेगळा काढणे ही या शास्त्रातली जुनी आणि उपयुक्त रीत आहे. हंगामी निर्देशांक, म्हणजे एखाद्या महिन्याची विक्री सरासरी महिन्याच्या किती पट असते हे सांगणारा आकडा, काढताना पुस्तके जानेवारी ते डिसेंबर असे महिने घेतात, आणि कोकणात हिशेब चुकतो तो इथेच. आपला सर्वांत मोठा खरेदीचा काळ भाद्रपद शुद्ध चतुर्थीला बांधलेला आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असल्याने चतुर्थी दरवर्षी मागे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. 2023 मध्ये श्रावण अधिक होता आणि गणेश चतुर्थी 19 सप्टेंबरला आली. 2024 मध्ये ती 7 सप्टेंबरला आणि 2025 मध्ये 27 ऑगस्टला होती. चाकरमानी गावी येण्याचा आणि घरोघरी सामान भरण्याचा काळ चतुर्थीच्या आधीचे दहा दिवस असा धरला, तर 2023 मध्ये ते सगळे दिवस सप्टेंबरात पडतात, 2024 मध्ये चार दिवस ऑगस्टात आणि सहा सप्टेंबरात पडतात, तर 2025 मध्ये दहाही दिवस ऑगस्टात येतात. मागणी तिळमात्र बदलली नाही असे मानले, तरी कणकवलीतल्या दुकानाची ऑगस्टची विक्री या तीन वर्षांत झपाट्याने वाढल्याचे दिसेल. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आणि चतुर्थी 14 सप्टेंबरला असल्याने तीच विक्री ऑगस्टात कोसळल्याचेही दिसेल. या आकड्यांना बारा महिन्यांचे निर्देशांक लावणारी आज्ञावली प्रत्येक वर्षी आत्मविश्वासाने चूक करील. चतुर्थीला शून्य दिवस धरून ‘चतुर्थीच्या आधी नववा दिवस’, ‘आधी तिसरा दिवस’ अशा रीतीने विक्रीची मांडणी केली, तर हा गोंधळ जवळजवळ नाहीसा होतो. शिमग्यालाही हीच रीत लागू पडते. मे महिन्याची सुट्टी इंग्रजी तारखांवर चालत असल्याने तिला मात्र महिन्याचेच गणित योग्य आहे, म्हणजे एकाच दुकानात दोन दिनदर्शिका एकाच वेळी चालवाव्या लागतात.

आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा तर दोन्ही दिनदर्शिकांच्या बाहेरची आहे. तिला ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल घेऊन तारीख ठरते आणि मग ती जाहीर होते. मालवण तालुक्यातल्या दुकानदारासाठी, खानावळीसाठी आणि गाडीवाल्यासाठी इतक्या मोठ्या गर्दीचा दिवस आधी गणिताने काढता येत नाही. असा दिवस अंदाजपत्रकात ‘तारीख जाहीर झाल्यावर भरायची’ स्वतंत्र ओळ म्हणून ठेवावा आणि मागच्या जत्रेची विक्री फेब्रुवारी-मार्चच्या सर्वसाधारण सरासरीत मिसळू देऊ नये.

आकडे असे स्वच्छ झाले की पद्धत निवडणे तुलनेने सोपे असते. मागच्या काही काळाची चल सरासरी, म्हणजे दर वेळी सर्वांत जुना आकडा सोडून नवा धरणारी सरासरी, घेणे ही सर्वांत सोपी पद्धत. तिच्या पुढची पायरी म्हणजे एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग, जिच्यात मागचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा यांच्यातल्या फरकाचा ठरावीक हिस्सा अंदाजात मिळवला जातो. अंदाज 400 बाटल्यांचा होता, मागणी 500 निघाली आणि हिस्सा 0.2 ठेवला, तर नवा अंदाज 420 होतो. हिस्सा मोठा ठेवला तर पद्धत ताज्या घटनेमागे धावते, लहान ठेवला तर जुन्या सवयीला चिकटते. ग्रीक संशोधक स्पायरोस माक्रिडाकिस यांनी 1982 मध्ये 1001 कालश्रेणींवर, म्हणजे कालानुसार नोंदलेल्या आकड्यांच्या मालिकांवर, निरनिराळ्या पद्धतींची स्पर्धा घेतली, तेव्हा गुंतागुंतीच्या पद्धती साध्या पद्धतींपेक्षा सरसकट अचूक ठरत नाहीत आणि काही पद्धतींच्या अंदाजांची सरासरी बहुधा चांगले काम करते, असे दिसून आले. 2020 मध्ये झालेल्या अशाच एका स्पर्धेत यंत्र-शिक्षणावर (मशीन लर्निंगवर) आधारलेल्या पद्धती पुढे राहिल्या, पण तिथे वॉलमार्ट या अमेरिकेतल्या दुकानसाखळीच्या हजारो वस्तूंची रोजची विक्री हाताशी होती. तीन वर्षांची वही असलेल्या बचत गटाने 1982 चा निष्कर्ष लक्षात ठेवावा.

मागचा काळ पुढच्या काळासारखा असेल या गृहीतावर या सर्व पद्धती उभ्या आहेत, आणि ते गृहीत अधूनमधून मोडते. 1998 मध्ये कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण सुरू झाल्यावर मुंबईचा ग्राहक आणि मुंबईची बाजारपेठ दोन्ही जवळ आली, आणि त्याआधीचे आकडे वेगळ्याच बाजाराचे ठरले. 2020 च्या टाळेबंदीत नेहमीच्या बाजाराची वाट अडली, तेव्हा अनेक बागायतदारांनी हापूसच्या पेट्या मुंबई-पुण्यातल्या गृहसंकुलांना थेट पोचवल्या. त्या वर्षाची विक्री सरासरीत घेऊ नये, पण तेव्हा जोडलेले ग्राहक मात्र अंदाजात धरावेत.

किमतीचा उल्लेख नसलेला अंदाज अपुरा असतो, हे वर आलेल्या व्याख्येतच आहे. किमतीत बदल झाल्यावर मागणी किती प्रमाणात बदलते याला मागणीची लवचिकता म्हणतात. आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 मध्ये ही कल्पना पद्धतशीरपणे मांडली. मालाला पर्याय जितके जास्त, तितकी लवचिकता जास्त. कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने विकला जातो, तेव्हा ग्राहकाच्या नजरेत तो पर्याय बनतो आणि अस्सल हापूसची किंमत खाली ओढतो. 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचे आर्थिक मोल इथे आहे. मानांकनाची नोंद, पेटीवरची खूण आणि बागेचा पत्ता यांवर ग्राहकाचा विश्वास बसला की पर्याय कमी होतात आणि थोडी जास्त किंमत ठेवूनही मागणी टिकते. विपणन ही अंदाज झाल्यानंतरची पायरी मानण्याची सवय म्हणूनच सोडायला हवी, कारण विपणनाचा प्रत्येक निर्णय अंदाजाचे गणितच बदलत असतो.

अंदाज हा एकच आकडा नसून पट्टा असतो, ही गोष्ट विद्यार्थी मान्य करतात आणि निर्णयाच्या वेळी विसरतात. समजा, एका बचत गटाला चतुर्थीच्या दिवशी उकडीच्या मोदकांची मागणी 200 ते 400 यांमध्ये कुठेही, सारख्याच शक्यतेने, येईल असे वाटते. एका मोदकाचा खर्च 15 रुपये, किंमत 25 रुपये, आणि उरलेला मोदक दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. एक मोदक कमी पडला तर 10 रुपयांचा नफा हुकतो, एक उरला तर 15 रुपये बुडतात. कमी पडण्याचे नुकसान भागिले दोन्ही नुकसानांची बेरीज, म्हणजे 10 भागिले 25, हे 0.4 येते. मागणी आपल्या साठ्यात भागण्याची शक्यता 40 टक्के होईल एवढेच मोदक करावेत, म्हणजे 280. सरासरी मागणी 300 असूनही त्याहून कमी. आता तोच पट्टा आगळाच्या बाटल्यांना लावू. खर्च 120, किंमत 200, आणि उरलेली बाटली पुढे विकता येत असल्याने साठवणुकीचा आणि अडकलेल्या पैशाचा तोटा फक्त 10 रुपये. 80 भागिले 90 हे 0.89 येते आणि उत्तर सुमारे 378 बाटल्या. अनिश्चितता तीच असताना केवळ माल टिकण्या-न टिकण्यामुळे निर्णयात जवळजवळ शंभर नगांचा फरक पडला. ‘वृत्तपत्र विक्रेत्याचा प्रश्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विचाराची सुरुवात फ्रान्सिस एजवर्थ यांनी 1888 मध्ये बँकेने किती रोकड जवळ ठेवावी या प्रश्नातून केली होती. कोकणात नाशवंत माल करणाऱ्या प्रत्येक गटाला हे एवढे गणित यायलाच हवे, कारण शेवटच्या दिवशी फेकून दिलेल्या मालात बायकांचे रात्रभराचे कष्ट असतात.

पट्टा अरुंद करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे ग्राहकाला लवकर बोलते करणे. अमेरिकेतल्या ॲस्पेन इथली स्पोर्ट ओबरमायर ही बर्फावर घालायचे कपडे करणारी कंपनी निवडक दुकानदारांकडून हंगामाच्या बरीच आधी ऑर्डरी घेऊ लागली. पहिल्या सुमारे 20 टक्के ऑर्डरी हाती आल्यावर एकूण हंगामाचा अंदाज कमालीचा सुधारतो, असे मार्शल फिशर आणि अनंत रामन यांच्या अभ्यासात दिसून आले. हापूसच्या बागायतदाराला हे सहज करता येण्यासारखे आहे. मोहोर आल्यापासून फळ उतरवेपर्यंत साडेतीन-चार महिने हाताशी असतात, आणि त्या काळात जुन्या ग्राहकांकडून थोडी आगाऊ रक्कम घेऊन पेट्यांची नोंदणी केली, तर मागणीची दिशा कळते, फवारणी आणि मजुरीला पैसा मिळतो, आणि किती फळ वाशीच्या बाजारात पाठवायचे, किती थेट ग्राहकाला द्यायचे व किती आमरसासाठी ठेवायचे हे वेळेत ठरवता येते. नोंदणी घेताना पेट्यांची संख्या बागेच्या पूर्ण क्षमतेएवढी मात्र धरू नये, कारण हापूस एक वर्षाआड कमी फळण्याच्या स्वभावाचा आहे आणि अवकाळी पावसाने किंवा तुडतुड्याने मोहोर जातो तो नोंदणी झाल्यावरही.

हंगाम संपला की अंदाज आणि प्रत्यक्ष मागणी यांतला फरक चिन्हासह लिहून ठेवावा. फरक कधी अधिक, कधी उणे येत असेल तर तो योगायोगाचा भाग समजून सोडून देता येतो. तो सलग एकाच बाजूचा येत असेल तर पद्धतीत दोष आहे, आणि तो बहुधा माल संपल्याची नोंद न ठेवल्याने किंवा चुकीच्या दिनदर्शिकेने आलेला असतो. आपल्या पद्धतीची तुलना ‘गेल्या वर्षी याच तिथीला जेवढी मागणी होती तेवढीच यंदा’ या साध्या अंदाजाशी निदान तीन हंगाम करावी, आणि जिची चूक याहून कमी येत नाही ती पद्धत चौथ्या हंगामात वापरू नये.