टप-सांगाडा (जुन्या मोटारींचा) आणि त्याची घरगुती दुरुस्ती

उघडझाक करता येणाऱ्या मोटारीचे कापडी छप्पर ज्या घडीच्या चौकटीवर ताणलेले असते, तिला टप-सांगाडा म्हणता येईल. ब्रिटिश मोटारींच्या बाबतीत या छपराला ‘हूड’ म्हणतात, आणि जीपमुळे आपल्याकडच्या गॅरेजांतही तोच शब्द रुळला. अमेरिकेत मात्र ‘हूड’ म्हणजे इंजिनावरचे झाकण, म्हणजे आपले बॉनेट. परदेशातून सुटे भाग मागवणाऱ्याने हा फरक आधीच लक्षात घेतलेला बरा.

ही कल्पना मोटारीच्या आधीची आहे. घोडागाडीवर वाकवलेल्या कमानी एका खुंट्याभोवती पंख्यासारख्या मिटत आणि त्यांवर चामडे किंवा मेणकापड ताणलेले असे. मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके धावलेल्या व्हिक्टोरियाचा टप याच जातीचा. सुरुवातीच्या मोटारींनी तो जवळजवळ जसाच्या तसा उचलला. पुढे दारांना वरखाली होणाऱ्या काचा आल्या आणि काम अवघड झाले. आता टपाने नुसते डोके झाकून भागत नव्हते. त्याच्या कडा काचेच्या वरच्या धारेला बिनचूक टेकाव्या लागत होत्या. 1939 मध्ये अमेरिकेतील प्लिमथने इंजिनाच्या निर्वात दाबावर उघडमिटणारा टप दिला आणि त्यानंतरच्या काळात तेलाच्या दाबावरचे सिलिंडर रुळले. युरोपातील बहुतेक लहान गाड्या हाताने मिटण्याच्या टपावरच थांबल्या. घरी सुटीच्या दिवशी काम करणाऱ्यांच्या दृष्टीने ते चांगलेच झाले.

या कामाचे उदाहरण म्हणून एमजीबी ही ब्रिटिश दोनआसनी गाडी सोयीची आहे. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे ती 1962 ते 1980 या काळात बनली. बंद छपराचा जीटी प्रकार धरून एकूण संख्या 5 लाखांच्या वर गेली, त्यामुळे तिचे सुटे भाग आजही नव्याने तयार होतात. सुरुवातीच्या गाड्यांत टप दोन तऱ्हांचा मिळे. एकात सांगाडा उपसून डिकीत ठेवायचा, दुसऱ्यात तो आसनांमागे घडी होऊन बसायचा. 1970 च्या सुमारास इटालियन आरेखक मिकेलोत्ती याने आखलेला घडीचा टप आला. तो आधीच्यापेक्षा सोपा होता. सांगाडा विकत घेताना तो कोणत्या काळातला आहे हे पाहावेच लागते, कारण एका तऱ्हेचे कापड दुसऱ्या तऱ्हेवर बसत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला फोक्सवॅगन बीटलची उघडी गाडी. ओस्नाब्रुकच्या कारमान कारखान्याने 1949 ते 1980 दरम्यान ती बांधली. तिच्या टपात आतले अस्तर, मधली जाड गादी आणि बाहेरचे कापड असे थर असतात, काही भाग लाकडाचे असतात आणि मागे खरी काच असते. मिटलेला टप मागे उशीसारखा उंच बसतो. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने या गाडीपासून सुरुवात करू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

रचना

गाडी कोणतीही असो, अवयव साधारण सारखे. सर्वांत पुढे, समोरच्या काचेच्या चौकटीवर कुलपांनी आवळली जाणारी आडवी पट्टी. तिच्या दोन्ही टोकांपासून मागे जाणारे बाजूचे दांडे; हे दोन-तीन तुकड्यांत असतात आणि सांध्यांवर दुमडतात. दांड्यांमध्ये आडव्या कमानी. दारामागच्या बाजूला बॉडीला घट्ट बसवलेला मुख्य खुंटा, ज्याभोवती सगळा डोलारा फिरतो. पुढच्या पट्टीपासून मागच्या कमानीपर्यंत नवारीच्या दोन पट्ट्या ताणलेल्या असतात. आपल्या जुन्या खाटांना असायची तसलीच ही नवार, फक्त विणीने घट्ट. बऱ्याच गाड्यांत कापडाच्या दोन्ही कडांतून एकेक बारीक पोलादी तारही जाते. काचेच्या वर कापड फडफडू नये हे तिचे काम.

यात नवार सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची. कमानी आपापल्या जागी उभ्या राहतात त्या नवारीमुळे, लोखंडामुळे नव्हे. कुठल्या दोन कमानींत किती अंतर, हे नवारीची लांबीच ठरवते. ती कुजून लोंबली की कमानी पुढेमागे सरकतात, कापडावर चुकीच्या ठिकाणी ताण येतो, शिवण उसवते आणि पाण्याला वाट मिळते. मालक नवे कापड घालतो. दोन वर्षांनी तीच शिवण त्याच जागी पुन्हा उसवते. टप गळतो म्हणून कापडाला दिलेला दोष पुष्कळदा सांगाड्याचा असतो, आणि सांगाड्याला दिलेला दोष कधी कधी गाडीच्या अंगाचा.

आधी गाडी, मग सांगाडा

पत्र्याचे छप्पर नसलेल्या गाडीचा सगळा ताठपणा खालच्या भागात, मुख्यतः दाराखालच्या पेटीसारख्या पट्ट्यांत असतो. त्या आतून गंजल्या की गाडी मधोमध बसते. दाराची वरची फट अरुंद होते, खालची रुंदावते, आणि समोरच्या काचेची चौकट व मुख्य खुंटा यांच्यातले अंतर बदलते. अशा गाडीवर चांगला सांगाडाही बसणार नाही. त्यामुळे पहिली पाहणी दारांच्या फटींची करावी. त्या बिघडल्या असतील तर टपाचे काम थांबवून आधी पत्र्याचे काम उरकावे. सगळी मापे गाडी चारही चाकांवर, सपाट जमिनीवर उभी असतानाच घ्यावीत. जॅकवर उचललेली उघडी गाडी डोळ्यांना कळणार नाही इतकी पिळवटते आणि त्या स्थितीत जुळवलेला टप खाली उतरवल्यावर जुळत नाही.

कापड फाडून काढण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरून टप लावलेल्या स्थितीत दोन्ही बाजूंनी भरपूर छायाचित्रे घ्यावीत. पुढच्या पट्टीपासून प्रत्येक कमानीचे अंतर मोजून वहीत लिहावे. नवार शाबूत असेल तर तिची प्रत्येक टप्प्यातली लांबीही टिपावी. कुजलेली नवारही जपून ठेवावी, कारण तिच्यावरच्या टाचण्यांच्या खुणा म्हणजे कारखान्याने घेतलेली मापे. कागदाची चिठ्ठी निसटते. सुतळीने बांधलेला पत्र्याचा बिल्ला टिकतो, म्हणून प्रत्येक दांड्याला डावा-उजवा असा बिल्ला बांधावा.

सांगाडा उतरवायला दोन माणसे लागतात. घडी होताना दांडे कात्रीसारखे मिटतात आणि बोट सापडले तर तुटू शकते. तोल सांभाळणारी स्प्रिंग असलेल्या गाड्यांत तिचा ताण आधी सोडावा. तेलाचे सिलिंडर असतील तर तेल आधी काढून घ्यावे. काही जुन्या अमेरिकी यंत्रणांत ब्रेक ऑइल भरलेले असे आणि ते सांडले तर रंग उचलून काढते. पुढे त्याऐवजी ऑटोमॅटिक गिअरचे तेल वापरात आले. ही दोन तेले एकमेकांत मिसळली तर आतली रबरे फुगतात.

गंज

गंज सर्वांत जास्त पुढच्या पट्टीत सापडतो. ती बाहेरून पाहता धडधाकट दिसते, पण तिच्यात चुका (बारीक खिळे) किंवा टाचण्या ठोकण्यासाठी बसवलेली पुठ्ठ्यासारखी पट्टी पाणी शोषून महिनोन्महिने ओली राहते आणि पोलाद आतून खाल्ले जाते. बोटाने दाबून नव्हे, बोथट टोच्याने टोचून पाहावे.

गंज काढायला तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर पुरतात, पण खाचाखोचांत ते पोचत नाहीत. वाळूचा फवारा मारणाऱ्यांकडे सांगाडा देणे सोयीचे वाटते. मात्र वाळू सांध्यांत शिरली की ती घासणपेपरासारखे काम करते, आणि जोरदार फवाऱ्याने पातळ पुढची पट्टी वाकडी होते. द्यायचाच तर सगळे सांधे कापडी चिकटपट्टीने गुंडाळून आणि कमी दाबाने करायला सांगून द्यावा.

घरी करण्यासारखे दोन सौम्य उपाय आहेत. एक विजेचा: प्लॅस्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला आणि धन तार भंगार लोखंडाला. धन बाजूला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. आणि हायड्रोजन निघत असल्याने हे काम उघड्यावरच करावे. दुसरा उपाय मळीचा. साखर कारखान्यातली उसाची पातळ मळी (मोलॅसिस) एक भाग आणि पाणी आठ-दहा भाग, अशा मिश्रणात लोखंडी भाग आठवडा-दोन आठवडे बुडवून ठेवला की गंज मऊ होऊन सुटतो आणि चांगले पोलाद शाबूत राहते. वास मात्र शेजाऱ्यांपर्यंत जातो. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला मळी शोधत फिरावे लागणार नाही. या दोन्ही टबांत ॲल्युमिनियमचा किंवा जस्ताचा ओतीव भाग टाकू नये, तो खराब होईल. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा न घासता पाणी लावून घासावा आणि तोंडावर योग्य मास्क ठेवावा.

पुढच्या पट्टीला भोके पडली असतील तर गंजका भाग कापून नवा पत्रा जोडावा लागतो. वेल्डिंगची लांब ओढ एका दमात मारली तर उष्णतेने पट्टी केळीसारखी वाकते. ती समोरच्या काचेच्या चौकटीच्या मापाच्या लाकडी साच्यावर आवळून, थोडे इकडे थोडे तिकडे असे ठिपके देत जोडावी. चौकटीवरच आवळायची असेल तर आधी काच काढून ठेवावी. ज्याच्याकडे यंत्र नाही त्याने हा एवढा भाग फॅब्रिकेटरकडून करून घ्यावा, पण साचा स्वतः करून द्यावा.

सांधे

खरे कौशल्य इथे लागते. दांड्यांचे तुकडे रिबिटांनी जोडलेले असतात आणि वर्षानुवर्षांच्या उघडझाकीने रिबिट झिजतो, भोक लंबगोल होते. खेळ अगदी किरकोळ वाटतो. पण हिशेब करून पाहा: सांध्याची रुंदी 10 मिलिमीटर आणि त्यात पाव मिलिमीटर ढिलेपणा असेल, तर 1 मीटर लांब दांड्याच्या टोकाला तो आडवा 25 मिलिमीटर होतो. एवढ्या फरकाने कुलूप आपल्या खाचेत बसत नाही. मग माणूस टप ओढून, दाबून लावतो आणि सांधा आणखी झिजतो.

उपाय असा: रिबिटाचे डोके ड्रिलने काढायचे, भोक थोडे मोठे पण गोल करायचे, लेथवाल्याकडून त्या मापाचे पितळी बुश करून घ्यायचे आणि दोन्ही बाजूंना पातळ वायसर देऊन नवा रिबिट मारायचा. रिबिट इतकाच आवळावा की सांधा हाताने फिरेल, पण सोडला तर आपोआप पडणार नाही. रिबिटाच्या जागी नट-बोल्ट टाकण्याची पद्धत दिसते. साधा बोल्ट नको, कारण त्याच्या आट्या भोकाला करवतीसारख्या खातात. गुळगुळीत दांडीचा बोल्ट आणि नायलॉनचा लॉक नट चालतो.

लाकडी कमानींचे काम वेगळे. युद्धपूर्व युरोपीय गाड्यांत ॲश नावाचे चिवट लाकूड वापरलेले आढळते. वरवर कुजलेले लाकूड इपॉक्सी मुरवून वाचवता येते. जिथे चुका धरत नाहीत तिथे बदलावेच लागते.

जुळवणी आणि रंग

रंगाआधी एकदा सगळा सांगाडा उघड्या लोखंडात गाडीवर बसवून पाहणे, हा टप्पा बरेच जण गाळतात आणि पस्तावतात. दोन्ही काचा वर करायच्या, नवी रबरे तात्पुरती लावायची, टप कुलपांनी बंद करायचा. दांडा आणि काच यांच्यातली फट पुढून मागे सारखी हवी. ती नसेल तर खुंट्याचे बोल्ट ढिले करून, खाली पातळ पत्र्याच्या चकत्या घालून सांगाडा हलवावा. दांडा वाकवून जुळवणे हा शेवटचा मार्ग. पुढच्या पट्टीचे रबर नीट दाबले जाते का, ते पाहायला वहीच्या कागदाची पट्टी मध्ये धरून टप बंद करावा आणि कागद ओढावा. अडखळत निघाला तर ठीक. अलगद निघाला तर तिथून पाऊस येणार. ही जुळवणी दोन-तीन संध्याकाळी खाते.

रंगाला इपॉक्सी प्रायमरचा एक आणि वरच्या रंगाचे दोन पातळ हात पुरे. पावडर कोटिंग टिकाऊ असते, पण त्याचा जाड थर सांध्यांतली जागा खाऊन टाकतो आणि नुकतीच जमवलेली मापे बिघडवतो. सुटे, सांधे नसलेले भाग तेवढे तिकडे द्यावेत.

मग नवार, वहीतल्या मापाने. ती लागल्यावर कमानींची अंतरे पुन्हा मोजून पाहावीत. कापड बसवायला ऊन हवे, कारण थंड कापड ताणले जात नाही. सकाळी ते उन्हात पसरून ठेवले की दुपारी हाताला मऊ लागते. एमजीबीत मागच्या टोकाला कापडातली धातूची पट्टी बॉडीवरच्या पकडींत अडकते, म्हणून आधी मागचे टोक अडकवून मग पुढचे टोक पट्टीवर ओढून चिकटवतात. मध्यरेषा खडूने आखून मधून बाहेर जावे. ओढण्याचा अंदाज न येणाऱ्याने एवढ्यासाठी अनुभवी कुशनवाल्याला घरी बोलावण्यात कमीपणा नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ

इथे या कामाची सवय जीपने लावली. महिंद्राच्या जीप आणि पुढे मारुती जिप्सी यांचे हूड साध्या नळीच्या कमानींचे, सांधे मोजके, आणि कॅनव्हास शिवून देणारे कारागीर गावोगावी मिळत. त्यांचा हात जाड कापडावर बसलेला असतो, पण दाराच्या काचेशी जुळणाऱ्या टपाची मापे त्यांना मालकानेच द्यावी लागतात.

2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार, पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले खाजगी दुचाकी-चारचाकी वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि त्याच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मूळ रूपाची अट लक्षात घेता, सुटे करण्याआधीची छायाचित्रे, काढलेले रिबिट आणि जुन्या कापडाचा एक तुकडा जपून ठेवणे उपयोगी पडते.

कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत खारी हवा व पाऊस दोन्ही सोसावे लागतात. नवा टप पहिले दोन-तीन आठवडे न मिटता, लावलेल्या स्थितीतच ठेवावा, म्हणजे कापड सांगाड्याचा आकार घेते. ओला टप कधीही मिटू नये. पावसाळ्यात कोरडा दिवस मिळाला की दारे उघडून आतून वारा खेळू द्यावा, आणि सांध्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब देऊन लगेच पुसून घ्यावे. जास्तीचे तेल नव्या कापडावर जे डाग पाडते ते निघत नाहीत.