वृद्ध घोड्याचे पुनर्वसन (गोवा)

उपासमार, अतिश्रम किंवा मालकाने वाऱ्यावर सोडणे यांमुळे खंगलेल्या म्हाताऱ्या घोड्याला निवारा केंद्रात आणून पुन्हा अंगाने भरवण्याची आणि माणसाळवण्याची प्रक्रिया. विशीच्या आसपासचा घोडा सर्वसाधारणपणे वृद्ध मानला जातो. नीट निगा राखली तर तो २५ ते ३० वर्षे जगतो. म्हणून बरगड्या मोजता येतील अशा घोड्याकडे बघून ‘वय झालं त्याचं’ म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. बहुतेकदा कारण दातांत, जंतांत किंवा रिकाम्या गव्हाणीत सापडते.

गोव्याचे घोड्याशी नाते जुने आहे. अरबस्तान आणि होर्मुझहून आलेले घोडे गोव्याच्या बंदरातून विजयनगरला जात. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी हा व्यापार आपल्या मुठीत ठेवला. डिचोली, सत्तरी, पेडणे भागांत शिगम्याला कमरेला लाकडी घोडे बांधून घोडेमोडणी हा नाच आजही होतो. खरा घोडा मात्र आता दिसतो तो किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवताना नाहीतर वरातीत. ही दोन्ही कामे हंगामी. पावसाळ्यात कमाई थांबते, खाणे थांबत नाही, आणि कात्री लागते ती सर्वांत म्हाताऱ्या जनावराच्या चंदीला. राज्यातील निवारा केंद्रे मुख्यतः कुत्री, मांजरे आणि गुरांसाठी उभी राहिली असल्याने घोडा आला की जागा, चारा आणि नालबंद या तिन्हींसाठी धावपळ करावी लागते.

सर्वांत नाजूक काळ पहिल्या दहा दिवसांचा. उपाशी घोडा पाहून शेजारपाजारचे लोक मायेने पेज, भात, गूळ घेऊन येतात, आणि नेमके तेच त्याच्या जिवावर बेतू शकते. दीर्घ उपासात शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून चालते. अचानक पिष्टमय अन्न मिळाले की इन्सुलिन वाढते, रक्तातील फॉस्फरस, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम पेशींत ओढले जाते आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, म्हणजे घोडा सावरतोय असे वाटत असतानाच, हृदय बंद पडू शकते. त्यामुळे सुरुवातीला धान्य अजिबात देत नाहीत. लसूणघासाचा वाळलेला चारा दर चार तासांनी साधारण अर्धा किलो, रात्रीसुद्धा; चौथ्या दिवसापासून थोडा थोडा वाढवत दहा दिवसांनी पोटभर. लसूणघासात प्रथिने व खनिजे भरपूर आणि पिष्ट कमी असते. गोव्याच्या दमट हवेत तो वाळवणे कठीण, म्हणून बहुधा घाटावरून आणावा लागतो.

प्रकृतीचा अंदाज डॉन हेनिके यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या १ ते ९ गुणांच्या मापाने घेतात. १ म्हणजे केवळ हाडे, ५ म्हणजे उत्तम. घोड्याचे वजन करायचा काटा नसला तरी अडत नाही: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, अंगाच्या लांबीने गुणावे आणि ११,८८०ने भागावे, की किलोग्रॅममध्ये वजन निघते.

पुढच्या महिन्यांतही स्थानिक चाऱ्याबाबत सावध राहावे लागते. भाताच्या पेंढ्यात कस कमी असतो, कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, तर हत्तीगवतातील ऑक्झलेट आहे ते कॅल्शियमही अडवून ठेवते. या तिन्हींवरच घोडा ठेवला तर शरीर हाडांतले कॅल्शियम काढू लागते आणि चेहऱ्याची हाडे सुजतात.

दातांची परीक्षा जमिनीवर पाहूनच सुरू होते. गव्हाणीखाली गवताचे अर्धवट चावलेले, लाळेने ओले गोळे पडलेले दिसले, तर घोडा खातो आहे पण नीट चावू शकत नाही, हे ओळखावे. घोड्याच्या दाढा दरवर्षी दोन-तीन मिलिमीटर वर येतात आणि झिजतात. झीज असमान झाली की कडा धारदार होऊन गाल आणि जीभ कापतात. पशुवैद्य कानशीने त्या घासतो. दाढा संपल्याच असतील तर चारा बारीक करून, भिजवून द्यावा लागतो. किनाऱ्यावर राहिलेल्या घोड्याची लीद पाण्याच्या बादलीत विरघळवून पाहतात. तळाशी वाळू बसली तर आतड्यातही ती असते, आणि तिच्यापायी पोटशूळ उठतो. अशा वेळी पशुवैद्य इसबगोल सुचवतात.

खूर पूर्ण नवा यायला ९ ते १२ महिने लागतात. वाढून वाकलेले खूर एकदम कापल्यास सांध्यांवर ताण येतो, म्हणून नालबंद टप्प्याटप्प्याने छाटतो. पावसाळ्यात तळव्याच्या खाचांत काळी, घाण वासाची कुज होते. कोरडी जमीन आणि रोजची सफाई हाच तिच्यावर खरा उतारा. ओल्या दिवसांत बुरशी आलेला पेंढा वापरू नये, त्याने दमा जडतो. चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे सर्रा हा रक्तातील परजीवींचा रोग पसरतो, तेव्हा ताप येऊन-जाऊन राहिला तर रक्ततपासणी हवी. दमट उकाड्यात काही घोड्यांचे घाम येणेच थांबते: अंग कोरडे, श्वास धापा टाकल्यासारखा. त्यांना सावली, पंखा आणि अंगावर पाणी लागते.

नवा घोडा आधी वेगळा ठेवतात, कारण शेंबा (ग्लँडर्स) हा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो. अशक्त जनावराला जंतांचे औषधही पशुवैद्याला विचारूनच द्यावे.

अन्न, पाणी, निवारा न देणे आणि जनावर सोडून देणे हे प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हे आहेत. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये, म्हणजे एका दिवसाच्या चाऱ्याइतकाही नाही. खटला चालू असताना जनावर केंद्रात ठेवण्याची तरतूद २०१७ च्या नियमांत आहे, आणि तिचा आग्रह धरायला हवा.

बरा झालेला म्हातारा घोडा पुन्हा कामाला लावत नाहीत. तो कळपात राहणारा प्राणी असल्याने त्याला दुसरा घोडा, निदान गाढव तरी सोबतीला द्यावे. एकटा पडला तर तो खाणे टाकू शकतो. निम्मे वजन गमावून आडवा पडलेला घोडा मात्र क्वचितच उठतो. त्याला वेदनारहित मरण द्यायचे की नाही हे पशुवैद्याच्या सल्ल्याने, उशीर न करता ठरवावे लागते.