हाऊ टू नो द वाइल्ड फ्लॉवर्स (१८९३)

रानफुलं ओळखायला शिकवणारं अमेरिकेतलं एक सुरुवातीचं सचित्र गाईड. १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्सने काढलं आणि पहिली आवृत्ती म्हणे पाच दिवसांत संपली. कव्हरवर नाव मिसेस विल्यम स्टार डाना, म्हणजे नवऱ्याचंच, आणि तो तर १८९० लाच गेला होता! बाईंचं स्वतःचं नाव फ्रान्सिस थिओडोरा (१८६१–१९५२), १८९६ मध्ये दुसरं लग्न झाल्यावर आडनाव पार्सन्स. चित्रं मॅरियन सॅटर्ली या मैत्रिणीची, दुखवट्याच्या दिवसांत हीच त्यांना रानात फिरायला ओढून न्यायची.

याआधी फूल ओळखायचं तर वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांचं जाडजूड मॅन्युअल घ्यायचं, पुंकेसर मोजायचे, अंडाशय कुठे आहे बघायचं, असं करत करत नावापर्यंत पोचायचं, नवख्याचा धीर मधेच सुटायचा. फुलाची चिरफाड न करता नाव सांगणारं पुस्तक कोणीतरी द्यावं असं निसर्गलेखक जॉन बरोज यांनी लिहिलं होतं, ते डानाबाईंनी मनावर घेतलं.

त्यांची युक्ती साधी, रंग बघा. पांढरी, पिवळी, गुलाबी, लाल, निळी-जांभळी असे भाग आणि उरलेली शेवटी. प्रत्येक फुलाचं लॅटिन नाव, कुळ, खोड-पानं-फुलाचं दोन ओळींत वर्णन आणि मग निवांत गप्पा. आता ब्लडरूट घ्या, एप्रिलच्या सुमाराला गुंडाळलेल्या पानाच्या आडून कळी वर येते, फूल पांढरंशुभ्र, म्हणून पांढऱ्या भागात, पण देठ मोडला की नारिंगी-लाल रस! हेपॅटिकाला मात्र ही युक्ती लागू पडत नाही, ते पांढरंही असतं, गुलाबीही आणि निळंही, मग शोधायचं कुठे?

गंमत म्हणजे रंगावर बेतलेल्या या पुस्तकातली मूळ चित्रं काळी-पांढरी, रंगीत चित्रं नंतरच्या आवृत्तीत आली. तरी कोणाचं अडलं नाही, कारण रंग हातातल्या फुलात दिसतच होता, चित्रातून पानाचा आकार आणि फुलाची ठेवण ताडून बघायची. थिओडोर रूझवेल्ट आणि आपल्या मुंबईत जन्मलेले लेखक किपलिंग, दोघांनाही पुस्तक आवडलं होतं.

१८९९ मध्ये बाईंनी नेच्यांवरही (म्हणजे फर्न, यांना फुलं येत नाहीत) असंच पुस्तक लिहिलं. तिथे सगळंच हिरवं, त्यामुळे बीजाणू (बियांऐवजी येणारे बारीक कण) कुठल्या पानावर आणि कसे धरतात त्यावरून गट पाडावे लागले.