पेशंट लिफ्ट वाकडी उचलतेय? फोन करण्याआधी लूपचे रंग बघा

पेशंट लिफ्ट, म्हणजे पेशंटला कापडी झोळीत (स्लिंगमध्ये) घेऊन बेडवरून उचलणारं मशीन, आमच्याकडून नेल्यावर आम्हाला सगळ्यात जास्त येणारा फोन म्हणजे "मशीन वाकडं उचलतंय, पेशंट एका बाजूला कलतोय, माणूस पाठवा". माणूस आम्ही पाठवतोच, पण तो पोचेपर्यंत पेशंट बेडवर ताटकळतो, आणि पोचल्यावर बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं, फक्त डाव्या खांद्याला एका रंगाचा लूप (स्लिंगच्या पट्ट्याचं, मशीनच्या हूकला अडकवायचं कापडी कडं) आणि उजव्या खांद्याला दुसऱ्याच रंगाचा अडकवलेला असतो.

स्लिंगच्या प्रत्येक पट्ट्याला दोन-तीन लूप असतात ना, ते वेगवेगळ्या रंगांचे केलेत ते ह्याचसाठी. रंग बदलला की पट्ट्याची लांबी बदलते. डाव्या-उजव्या खांद्याला एकच रंग, डाव्या-उजव्या पायाला एकच रंग, हे पक्कं. खांद्याचा आणि पायाचा रंग मात्र वेगळा चालतो, उलट तसाच ठेवायचा असतो, खांद्याला आखूड आणि पायाला लांब लूप लावला की पेशंट बसता होतो, व्हीलचेअर किंवा कमोडवर न्यायला हे बरं पडतं. खांद्याला लांब आणि पायाला आखूड लावला की तो मागे रेलतो, मान न धरणाऱ्या पेशंटला असं रेललेलं सोयीचं, पण त्यांच्यासाठी डोक्याला आधार असलेलीच स्लिंग लागते.

पायाच्या पट्ट्यांचं पण नीट बघा. मांडीखालून काढलेले दोन्ही पट्टे साध्या स्लिंगमध्ये एकमेकांतून ओवून, म्हणजे क्रॉस करून, मग हूकला अडकवतात. क्रॉस न करता तसेच लावले तर पाय फाकतात आणि पेशंट मधून खाली घसरू शकतो. मांडीखाली स्लिंगला चुणी राहिली तर तिथेच सगळा भार येतो, कातडी नाजूक असेल तर सोलवटते, म्हणून हात फिरवून पट्टा सपाट करा. स्लिंगची खालची कड माकडहाडाशी यायला हवी, वर राहिली तर पेशंटची सीट (बूड) खाली लोंबते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लूप अडकवले की एकदम वर घेऊ नका. पट्टे ताणले जाईपर्यंतच उचला, पेशंट अजून गादीवरच असेल, तिथे थांबा आणि चारही हूक हाताने चाचपून बघा, लूप हूकच्या तळाशी बसलाय की टोकावर लटकतोय ते. रंगांची जोडी पण तेव्हाच बघा. ह्याला अर्धा मिनिट लागतो. मग सीट गादीवरून सुटेल इतकंच वर घ्या, उगाच उंच नको, जितकं उंच तितका झोका जास्त आणि पेशंट घाबरतो ते वेगळंच.

ब्रेकचा घोळ पण नेहमीचा. बेडचे आणि व्हीलचेअरचे ब्रेक लावा, पण उचलताना लिफ्टच्या चाकांचे ब्रेक मोकळेच ठेवा (तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळं दिलं असेल तर ते पाळा). भार आला की मशीन स्वतः थोडं सरकून पेशंटच्या बरोबर वर येतं, चाकं बांधून ठेवली तर ते सरकू शकत नाही आणि पेशंटच ओढला जातो. उचलताना आणि खाली ठेवताना लिफ्टचे खालचे पाय पूर्ण उघडे हवेत. शक्यतो दोघं जण हवेत, एक मशीनवर, एक पेशंटजवळ, आणि पेशंटला प्रत्येक वेळी आधी सांगा, "आता वर घेतोय".

लोक विचारतात, स्लिंग पाठवण्याआधी वजन, उंची सगळं कशाला विचारता, मीडियम पाठवून द्या. नाही पाठवत. ढिली स्लिंग म्हणजे पेशंट मधल्या फटीतून घसरण्याचा धोका आणि घट्ट म्हणजे मांडीला काच. शिवाय मशीनची क्षमता आणि स्लिंगची क्षमता वेगळी असते, दोन्हीत जी कमी तीच तुमची मर्यादा. फाटलेली स्लिंग पण आम्ही शिवून देत नाही, कितीही आग्रह केला तरी. लूपची शिवण उसवली, कापड विटलं, लेबलवरचं वाचता येईना झालं की ती बाजूला काढा. ब्लीच घालू नका, त्याने धागा आतून कमजोर होतो आणि वरून कळत पण नाही. रोज वापर असेल तर दुसरी स्लिंग घरात असलेली बरी, एक धुतलेली वाळत असताना पेशंट खोळंबत नाही, आंघोळीसाठी जाळीची पण मिळते आमच्याकडे.

मशीन अजिबातच हलत नसेल तर आधी लाल बटण (मशीन तातडीने बंद करायचं) बघा, ते दाबलं गेलं असेल तर बहुतेक मशीनवर फिरवलं की वर येतं. मग रिमोटची पिन, मग चार्जिंग. पेशंट वर असताना बंद पडलं तर घाबरू नका, हाताने खाली आणायची सोय असते, कुठे आहे ते डिलिव्हरीच्या दिवशी दाखवतोच, नवीन केअरटेकर आली की तिच्यासाठी पुन्हा डेमो देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. तरीही शंका वाटली तर पेशंटला उचलण्याआधी लूप लावलेल्या स्लिंगचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, आम्ही बघून लगेच सांगतो.