उपग्रह संदेशवहनातील शोध

उपग्रह संदेशवहनातील शोध : पृथ्वीवरून आलेला रेडिओ संदेश कृत्रिम उपग्रहाने ग्रहण करून, त्याची कंप्रता (फ्रीक्वेन्सी) बदलून व शक्ती वाढवून परत पृथ्वीकडे पाठवण्याच्या तंत्रातील शोध. कंप्रता बदलणे अपरिहार्य असते. सी-पट्टा या कंप्रतांच्या पट्ट्यात संदेश साधारण ६ गिगाहर्ट्झवर वर जातो आणि ४ गिगाहर्ट्झवर खाली येतो. दोन्ही दिशांना एकच कंप्रता वापरली, तर उपग्रहाच्या स्वतःच्याच प्रेषणात खालून येणारा क्षीण संदेश बुडून जाईल.

भूस्थिर कक्षेत उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून जमिनीवरून तो एकाच जागी दिसतो. या कक्षेच्या कल्पनेचा जनक कोण, याबद्दल मतभेद आहेत. हर्मान पोटोचनिक यांनी आपल्या ग्रंथात (तो १९२८ च्या अखेरीस निघाला, छापील वर्ष मात्र १९२९) विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किमी. उंचीवरील स्थिर अंतराळस्थानक मांडले होते. आर्थर सी. क्लार्क यांचा लेख ऑक्टोबर १९४५ मधील. त्यात एकमेकांपासून १२० अंशांवरील तीन स्थानकांनी जगभर प्रसारण करण्याची योजना आहे. कक्षेचे श्रेय पोटोचनिक यांना आणि प्रसारणातील तिच्या उपयोगाचे क्लार्क यांना, ही वाटणी अधिक सयुक्तिक दिसते. क्लार्क यांच्या स्थानकात माणसे राहणार होती, कारण निर्वात नलिका त्या काळी वरचेवर बदलाव्या लागत. कक्षेची आज धरली जाणारी उंची ३५,७८६ किमी. असून आवर्तकाल २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंद, म्हणजे एक नाक्षत्र दिवस (ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची स्वतःभोवतीची एक फेरी) आहे.

कक्षा कागदावर ठरली, तरी तिथून ऐकू येईल असा संदेश पाठवणारा विवर्धक (संदेशाची शक्ती वाढवणारे साधन) नव्हता. ही उणीव प्रगामी तरंग नलिकेने भरून काढली. तिच्यात तारेच्या मळसूत्रावरून रेडिओ तरंग धावतो आणि मधोमध इलेक्ट्रॉनांचा झोत जातो. वेटोळ्यांमुळे तरंगाची पुढे सरकण्याची गती प्रकाशाच्या सुमारे एक दशांशावर येते व झोताच्या गतीशी जुळते. मग इलेक्ट्रॉनांचे पुंजके बनतात आणि ते आपली ऊर्जा तरंगाला देतात. हा शोध सामान्यतः रूडोल्फ कॉम्फ्नर (१९४३ च्या सुमारास, बर्मिंगहॅम) यांच्या नावावर आहे. मात्र निल्स लिंडेनब्लाड यांचा अमेरिकेतील पेटंटचा अर्ज १९४० मधला आहे. अग्रक्रम लिंडेनब्लाड यांचा मानला, तरी नलिका प्रत्यक्ष वापरात आली ती कॉम्फ्नर यांच्या प्रयोगांतून व जॉन पिअर्स यांच्या गणिती मांडणीतून, हे बहुतेकांना मान्य आहे. टेलस्टार (१० जुलै १९६२) या उपग्रहात हीच नलिका होती. तो खालच्या कक्षेत असल्याने अटलांटिकच्या दोन्ही काठांवरून एका फेरीत जेमतेम वीसेक मिनिटे एकाच वेळी दिसे.

भूस्थिर उपग्रहाची अडचण वजनाची होती. हॅरॉल्ड रोझेन, डॉनल्ड विल्यम्स व टॉमस हडस्पेथ यांनी दंडगोल उपग्रह भोवऱ्यासारखा फिरवून तो कमी वजनात स्थिर केला. फिरत्या उपग्रहाचा आस हवा तसा कलवायचा कसा, याचे उत्तर विल्यम्स यांनी दिले : कडेला एकच वायुझोत बसवायचा आणि सूर्यसंवेदकावरून प्रत्येक फेरीतील ठरलेल्या क्षणीच तो क्षणभर सोडायचा. पेटंटचा अर्ज १९६० मध्ये झाला, पेटंट मिळाले १९७३ मध्ये, आणि अमेरिकी सरकारशी भरपाईचा दावा १९९० च्या दशकापर्यंत चालला. याच रचनेच्या सिन्कॉम उपग्रहांपैकी सिन्कॉम-१ शी फेब्रुवारी १९६३ मध्ये संपर्क तुटला. सिन्कॉम-२ (जुलै १९६३) यशस्वी झाला. सिन्कॉम-३ वरून १९६४ चे टोकियो ऑलिंपिक दाखवले गेले.

संदेश वर जाऊन खाली यायला सुमारे पाव सेकंद लागतो, त्यामुळे परदेशी फोनवर आपलाच आवाज अर्ध्या सेकंदाने परत ऐकू येई. त्यावरील अनुकूली प्रतिध्वनि-निरसक (दुव्याशी जुळवून घेत प्रतिध्वनी पुसणारे साधन) अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन केली व मनमोहन सोंधी यांनी १९६० च्या दशकात तयार केला.

भारतात पहिले व्यापारी भू-केंद्र आर्वी (ता. जुन्नर, जि. पुणे) येथे १९७१ मध्ये सुरू झाले. त्याच्या अँटेनाचा व्यास सुमारे २९.७ मी. होता. अशी केंद्रे मोठ्या शहरांपासून दूर, डोंगरांच्या आडोशाला उभारत. कारण शहरांमधील सूक्ष्मतरंग टेलिफोन-दुवेही ४ व ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतच चालत. उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शन दाखवण्याच्या ‘साइट’ प्रयोगात (१ ऑगस्ट १९७५–३१ जुलै १९७६) सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीचे ३ मी. व्यासाचे अँटेना बसवले गेले. ८६० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३५ सेंमी. भरते, म्हणून जाळीची भोके तरंगाला भरीव पत्र्यासारखीच वाटतात. महाराष्ट्र या प्रयोगात नव्हता.

घरगुती डिश लहान झाली ती मुख्यतः कमी गोंगाटाच्या ट्रान्झिस्टरमुळे (ताकाशी मिमुरा, १९८० च्या सुमारास). १९९० च्या दशकारंभी मुंबईत केबलवाल्यांच्या गच्च्यांवर सी-पट्ट्याच्या कित्येक फूट व्यासाच्या छत्र्या असत. आज के-यू पट्ट्याला (सुमारे १२ गिगाहर्ट्झ) ६० सेंमी.ची डिश पुरते.

डिश उपग्रहाकडे रोखताना मुंबईहून ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील उपग्रहाचा दिगंश (उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेला कोन) सुमारे १३१ अंश व उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) सुमारे ५८ अंश येतो. ८३ अंशांवरील उपग्रहाचा अनुक्रमे १५१ व ६५. घरगुती डिशची नाभी (तरंग एकवटतात तो बिंदू) मध्यापासून बाजूला सरकवलेली असल्याने तिचा पृष्ठभाग उन्नतांशापेक्षा सुमारे २५ अंशांनी कमी वर झुकलेला दिसतो, त्यामुळे ती समोरच्या इमारतीकडे पाहते आहे असा भास होतो. डिश ज्या अरुंद पट्ट्यातून संदेश घेते, ती शलाका जेमतेम ३ अंश रुंद असते. गच्चीवरील लोखंडी टाकी व स्लॅबमधील सळया होकायंत्राला फसवतात. त्यापेक्षा ठरावीक वेळी सूर्याच्या सावलीवरून दिशा काढणे बरे.

पावसाळ्यातील क्षीणन (पावसाने संदेश कमकुवत होणे) हा मुंबईतील मुख्य दोष. १२ गिगाहर्ट्झला तरंगलांबी २.५ सेंमी. असते आणि तासाला १०० मिमी. वेगाच्या सरीत दर किलोमीटरला सुमारे ५ डेसिबल हानी होते; ४ गिगाहर्ट्झला ती नगण्य. अंकीय चित्र हळूहळू फिकट होत नाही. दोष-दुरुस्ती संकेत एका मर्यादेपर्यंत चुका निस्तरतात, मग चित्राचे चौकोन पडून ते एकाएकी गोठते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या व ऑक्टोबरारंभाच्या सुमारास काही दिवस सूर्य उपग्रहाच्या नेमका मागे येतो, तेव्हाही काही मिनिटे चित्र जाते.

सर थांबल्यावरही चित्र आले नाही, तर केबल पाहावी. जोडणीत शिरलेले पाणी जाळीच्या वेणीतून केशाकर्षणाने आत चढते आणि खाऱ्या हवेने तांबे काळे पडते. एलएनबीच्या (डिशसमोरील संदेशग्राहक डबीच्या) तोंडाशी केबलला खाली झोळ द्यावा व जोडणीवर रबरी टेप गुंडाळावी. ग्राहकयंत्र (घरातील सेट-टॉप बॉक्स) उभ्या ध्रुवणासाठी (तरंगाच्या कंपनाची दिशा म्हणजे ध्रुवण) १३ व आडव्यासाठी १८ व्होल्ट वर पाठवते. गंजलेल्या तारेत १८ चे १५ च्या खाली उतरले, की एलएनबी उभ्या ध्रुवणावरच अडून राहतो आणि आडव्या ध्रुवणावरचे चॅनल तेवढे गायब होतात. अशा वेळी डिशच्या दिशेला हात लावू नये.